उरलेल्यात टाका

आणि वर तुम्ही मला ‘बस खाली’ म्हणालात, सर. उत्तर येत नव्हतं तर तसं सांगायचं. आठवीचा वर्ग, शेवटचा तास, आणि फळ्यावर तुम्ही खडूनं तीन खण पाडलेले. एकात केंद्राचं: सैन्य, नोटा, रेल्वे. दुसऱ्यात राज्याचं: पोलीस, शेती, पाणी. तिसऱ्यात दोघांचं: शिक्षण, जंगल; आणि तिथं तंटा झाला तर केंद्राचं म्हणणं वर. मग तुम्ही सांगितलं, काही देशांत आधी राज्यं वेगवेगळी नांदत होती, त्यांनी आपापसात करार करून एक देश केला. आपलं तसं नाही. आपल्याकडं इंग्रजांचे प्रांत होते, राजांची संस्थानं होती, ती सगळी एकात घेतली, आणि घटना लिहिणाऱ्यांनी मुद्दाम असं बांधलं की कुणाला फुटून निघता येऊ नये. राज्याची हद्द बदलेल, नाव बदलेल, पण बाहेर जाता येणार नाही. मी उभा राहिलो. म्हणालो, ‘सर, पण एखाद्याला जायचंच असंल तर?’ सगळा वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. बस खाली.

त्याच वर्षी तुम्ही लोणीला आमच्या विहिरीवर आलात. माझे वडील आबा आणि दोन चुलते, तात्या आणि आण्णा, वेगळे झाले होते. जमिनीचे तीन तुकडे पडले, पण विहीर एक, मोटर एक. पाण्यावरून खोरं उगारण्यापर्यंत गेलेलं. तुम्ही जुन्नरकडचे, गावात तुमचं कुणी नाही, म्हणून आबांनी तुम्हाला पंच म्हणून बोलावलं. अजून दिसता तुम्ही मला, विहिरीच्या कठड्यावर बसलेले, पायातल्या चपला काढून बाजूला ठेवलेल्या. आणि तुम्ही वर्गातलंच काढलं की! चूल, पीक, पोरींची लग्नं ज्याची त्याची. विहीर, मोटर, लाईटबिल तिघांचं. कारभार थोरले म्हणून तात्यांकडं. खळं आणि गोठा सगळ्यांनी वापरायचा, वाद झाला तर तात्यांचा शब्द शेवटचा. प्रत्येकाला दोन दिवस पाणी, आमचे शुक्रवार-शनिवार, रविवारी विहीर भरू द्यायची. विहिरीतला हिस्सा तिघांच्या सहीशिवाय बाहेरच्याला विकायचा नाही. आणि मोटरच्या खर्चाचा वाटा जो देणार नाही, त्याची पाळी गेली.

आण्णा म्हणाले, ‘सर, समदं बसलं. पर म्हाताऱ्याचं काय? त्यो कुनाच्या खान्यात?’

आजोबा लिंबाखाली तंबाखू मळत होते. मान वर न करता म्हणाले, ‘मला उरलेल्यात टाका.’

‘बरोबर बोलले बाबा,’ तुम्ही म्हणालात. ‘जे कुठल्याच यादीत नाही ते केंद्राकडं. घटनेतसुद्धा असंच आहे. म्हणजे बाबा तात्यांकडं.’

‘तात्याची बायको भाकरी लई जाड करती.’

‘तो चुलीचा विषय. त्यात मला हात घालता येणार नाही.’

सहा महिने एकमेकांकडं न बघणारे आबा आणि तात्या तेव्हा एकदम हसले. मी तुमच्यासाठी चहा घेऊन उभा होतो. मला वाटलं, आता सगळं मिटलं.

मी नववीत नापास झालो त्याच उन्हाळ्यात तुम्ही तापानं गेलात. परत शाळेत काही बसलो नाही. चाकण झालं, सुरत झालं, कुठं वर्षभर टिकलो नाही. आता कोइमतूरला आहे, पाण्याच्या मोटरी बनवणाऱ्या कारखान्यात. पाट्या वाचता येत नाहीत. इथले लोक मला हिंदी म्हणतात. ‘हिंदी नाय राव, मराठी,’ म्हटलं की सुपरवायझर म्हणतो, ‘सेम, सेम.’ देश एकच आहे, पण मत तिकडं, घर तिकडं कुलूप लावून, आणि मी इथं चौघांच्या खोलीत.

मला मोटर वाइंडिंगचं दुकान टाकायचंय, सर. त्यासाठी आबांच्या मागं राहिलेला दीड एकर विकायचाय. अवसरीचा एक पाव्हणा बघून गेला. पहिला प्रश्न, पाणी? आणि पाण्याला आण्णांबरोबर तात्यांचीही सही लागते.

‘सही न्हाई देनार,’ तात्या फोनवर म्हणाले. ‘सरांनी घातलेला नियम हाय.’

‘सर कवाच गेले, तात्या.’

‘म्हनून नियम गेला व्हय?’

जो निघून जाईल त्याचं काय, हे तुम्ही विहिरीवरही कुठल्या खान्यात घातलं नाहीत. म्हणजे मीही उरलेल्यात. म्हणजे तात्यांकडंच.

गेल्या आठवड्यात विहिरीवरची मोटर जळाली. दिवसभर मी दुसऱ्यांच्या मोटरी जोडतो आणि माझी तिकडं जळते. तात्यांनी माझा वाटा मागितला, साडेनऊ हजार. मला वाटलं, हीच वाट आहे. पैसे नाही दिले की पाळी गेली, पाळी गेली की पाण्यात हिस्साच नाही, सहीही नको; मग जमीन मातीमोल का होईना, सुटलो. तरी भांडायला म्हणून बोललो, ‘माज्या पाळीचं पानी तुमीच वापरता. मग पैसे मी का देऊ?’



‘कोन वापरतंय? तुजा बाप गेल्यापासनं शुक्रवार-शनिवार मोटर बंदच असती.’

‘आन तुमचा कांदा?’

‘वाळतो थोडा. पाळी तुजी हाय ना?’

मी कारखान्याच्या जिन्यावर तसाच खाली बसलो.

माझं पाणी चोरलं असतं तर बरं झालं असतं, सर. त्यांच्याशी भांडून मला जाता आलं असतं. आता कसा जाऊ? तेव्हाच सांगायचं होतंत की हे असं असतं.

हा कागद काही कुणाला जायचा नाही. पैसे मात्र सकाळी फोनवरून टाकतोय, दुकानासाठी साठवलेल्यातले. मोटर नवी आणि स्टार्टर जुना, तो परत जाळणार, म्हणून त्याच्या दुरुस्तीला पाचशे जास्तीचे. तात्या विचारतील, ‘हे कशाचं?’ उरलेल्यात टाका म्हणेन. एकूण दहा हजार.