लेडीजचा पडदा

९ जाने. १९९८, शुक्र.

टॉकीजला गेले आन् डोकं फिरवून घेऊन आले. दारावर खैरूनखाला न्हाई!

लग्न होऊन हिंगोलीत आले तवापासून बघते, बोळातल्या लेडीजच्या दारावर स्टूल टाकून खालाच. निजामाच्या वेळची टॉकीज. बायांची जागा पहिल्यापासून मागं, उंचावर, वेगळी. म्हाताऱ्या बाया अजून जनानाच म्हणतात. समोर जाड हिरवा पडदा. हॉलमधले दिवे गेले की खाला तो सारणार, इंटरवल व्हायच्या आधी परत ओढणार. पहिल्या खेळालाच तिला पिक्चर पाठ होते, म्हणून कधी चुकली न्हाई. आमाला पिक्चर सगळा दिसायचा, आन् आमी कुण्या गड्याला दिसायचो न्हाई.

आज तिथं एक मिशीवाला बसवलेला. तंबाखू मळून राहिला निवांत. इंटरवलला दिवे लागले, पडदा तसाच उघडा! खालचे सगळे माना वळवून वर बघून राहिले. जत्राच. शेजारची कमल म्हणाली, "दादा, पडदा." तर म्हणतो कसा, "तुमाला कोण खाऊन राहिलं का?"

सासूबाईंना घरी काही सांगितलं न्हाई. त्यांची अट एकच: खाला दारावर असंल तर जा.

११ जाने., रवि.

दळणाचं निमित्त काढून खालाकडं गेले. मशिदीमागं राहते. म्हणाली, "बुड्ढी हो गई बोल के घर भेज दिये, बेटी." कोणी? मालकाचा भाचा. नवीन मॅनेजर झालाय म्हणे. इतकी वर्षं त्या स्टुलावर काढली, आन् भाच्यानं दारातूनच वाटंला लावलं, आत बोलावलं सुद्धा न्हाई.

तिनं विचारलं, "वो पडदा तो बराबर खींचता ना?" म्हणलं, "खींचताच नहीं, खाला." त्यावर तिनं त्याला जी शिवी हासडली ती इथं लिहीत न्हाई. पण बरं वाटलं.

१६ जाने., शुक्र.

पुन्हा तेच. आज खालून शेंगांची टरफलं फेकली. एक माझ्या केसात अडकलं. सगळे खिदळले. मिशीवाला पण.

तरी गेले. काहून जाते? शुक्रवारी तीन तास मला कोणी हाक मारत न्हाई, म्हणून जाते. बाकी सहा दिवस मशीन, ब्लाउज, चहा, पाणी, विमल हे कर, विमल ते कर. तिथं अंधारात मी रडते, मोठ्यानं हसते, कमलच्या मांडीवर थापा मारते. घरात एवढं हसले तर सा.बा. विचारतील काय झालं म्हणून. ते बंद झालं तर मी काय करू? मला खरंच कळत न्हाई.

२० जाने., मंगळ.

कमलकडं हळदीकुंकू. ती औंढ्याकडच्या तांड्यावरची, आवाज असा की चार घरं ऐकावं. तिळगूळ हातात आन् सगळ्या बाया टॉकीजवरच बोलून राहिल्या. कोणाला चिठ्ठी फेकली, कोणाला शिट्टी मारली. दोघींच्या घरच्यांनी तर आत्ताच बंद केलं. कमल म्हणाली, "इथं बोलून काय उपेग? चला त्याच्याकडं." ठरलं. परवा.

२२ जाने., गुरु.

गेलो! सगळ्या मिळून गेलो. मॅनेजर घाबरला म्हणलं तरी चालंल. खुर्च्या मागवल्या. मीच बोलले: खालाला परत बोलवा, न्हाईतर दुसरी बाई बसवा, पडदा वेळेवर ओढा. तो हात जोडून म्हणाला, "ताई, तुमची तकलीफ समजली. पुढच्या शुक्रवारी या. तकलीफच ठेवत न्हाई."

येताना चौकात गरम भजे खाल्ले. लई हसलो.

३० जाने., शुक्र.

तकलीफ ठेवली न्हाई त्यानं. लेडीजच काढून टाकली!!

बोळातल्या दाराला विटा लावल्यात. पडदा गायब. आमच्या बाकड्यांच्या जागी लाल सोफे, वर पाटी: फॅमिली. आत निघालो तर मिशीवाल्यानं अडवलं. "सोबत माणूस असंल तरच." कमल म्हणाली, "आमी दोघी फॅमिली न्हाई का?" तो हसला. म्हणतो, "तुमीच तक्रार केली ना ताई? म्हणून तुमच्यासाठी केलं."

आमच्यासाठी! आग लागो त्याच्या सोफ्याला. आमीच गेलो, आमीच खुर्चीवर बसलो, आमीच भजे खाऊन आलो. आमच्याच पायानं चालत जाऊन दार बंद करून घेतलं. गाढव गाढव म्हणतात ते आमीच.

३१ जाने., शनि.

ह्यांना म्हणलं, एकदा तुमी चला, म्हणजे सोफ्यावर बसू देतील. तोंड वर न करता म्हणाले, "दुकान कोण बघंल? शेतातल्या पाण्याच्या मोटारी येऊन पडल्यात वाइंडिंगला. तीन तास अंधारात बसायला मी रिकामा हाय का?" सा.बा.: "घरात टीव्ही आणून दिला ना? तो बघ."

टीव्ही! टीव्हीसमोर मी मेथी निवडते. गाणं लागलं की दार वाजते. दार लावून आले की दूध उतू जाते. हे काय बघणं झालं?

६ फेब्रु., शुक्र.

गेले न्हाई. दुपारी शिवलेली बाही उलटी लागली. उसवली, परत उलटीच. फेकून दिली.

१३ फेब्रु., शुक्र.

 झालं तसंच लिहिते.

दुपारी सा.बा. झोपल्या आन् कमलसोबत निघाले. खाली गड्यांतल्या फर्स्टचं तिकीट मागितलं. खिडकीतला: "सोबत माणूस?" कमल: "पिक्चर आमी बघणार, माणूस काहून लागते?" दिलं मग गपचूप. हॉलच्या मधोमध बसलो. खालून पिक्चरचा पडदा केवढा मोठा दिसते! पहिला अर्धा तास चांगला गेला, खोटं काहून बोलू.

मग मागून टरफलं. मग शिट्टी. मग कोणीतरी माझ्या खुर्चीला पाय लावून ढकललं. एकदा, दोनदा. मी उठले. अशी ओरडले की माझा मलाच आवाज ओळखू आला न्हाई. "कोण हाय तो? उभा राय! लाज वाटत न्हाई?" कमल पण उठली, तांड्याच्या बोलीत काय काय म्हणाली ते तिलाच ठाऊक. वरच्या मशीनवाल्यानं पिक्चर बंद केला. दिवे लागले.

सगळा हॉल आमच्याकडं बघून राहिला. आन् मागच्या तिसऱ्या रांगेत, खांबाजवळ, हे.

माझं माणूस. सकाळी मीच इस्त्री केलेला निळा शर्ट. शेजारी दुकानाजवळचा तो सायकलवाला दोस्त. माझ्याकडं बघितलं, चांगलं डोळ्यात डोळा घालून बघितलं, आन् खाली वाकून चप्पल शोधायला लागले. उठले न्हाई.  माझ्या खुर्चीला कोणी लाथा मारून राहिला, आन् माझा नवरा चप्पल शोधून राहिला!

उठला कोण, तर बाजाराला आलेला एक म्हातारा, खांद्यावर घोंगडी. "बस माय तू. आता कोण टाकते बघतो मी." आन् खरंच, दिवे गेले तरी तो पिक्चरकडं पाठ करून मागं बघत बसला. तिकीट काढून आलेला माणूस. त्याचं नाव पण विचारलं न्हाई मी.

शेवटपर्यंत बसले. काय बघितलं, आठवत न्हाई.

१४ फेब्रु., शनि.

  भाजीत मीठ टाकलं न्हाई, मुद्दाम. ह्यांनी तशीच खाल्ली. मोटारी येऊन पडल्यात म्हणे! किती शुक्रवार पडल्यात अशा? आन् मी दरवेळी डबा भरून दिला, दमून येतील म्हणून पाणी तापवून ठेवलं.

१७ फेब्रु., मंगळ.

जेवताना एकदम म्हणाले, "हिचं टॉकीजला जाणं बंद."

सा.बा. म्हणाल्या, "कवा गेली ती? जनाना तर मोडला म्हणं."

"गेली होती. शुक्रवारी. गड्यात बसली होती."

"तुला कोण सांगितलं?"

"सांगितलं एकानं."

"कोणानं?"

मी भाकरी वाढली. म्हणलं, "सांगा की. कोणानं?"

ताटात बघत बसले. मग अर्धी भाकर तशीच टाकून हात धुवायला गेले. सा.बा. आधी मोरीकडं बघत राहिल्या, मग माझ्याकडं. त्यांना काय समजलं काय न्हाई, देव जाणे.  रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, मी पण चार शब्द ऐकवले असते.

२० फेब्रु., शुक्र.

दुपार. हे दुकानाला गेले न्हाईत. जेवण झालं तरी बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसलेत, पान उलटत न्हाई. माझी राखण करून राहिले का स्वतःची, त्यांचं त्यांना माहीत. सा.बा. पण आज झोपल्या न्हाईत. उंबऱ्यात बसून लसूण सोलून राहिल्या.

आत्ताच बाहेर जाऊन म्हणलं, सा.बां.च्या देखत, "मी टॉकीजला चालले. तुमी संगं येता, का वेगळे जाता?"

सा.बा. लसूण सोलायच्या थांबल्या. ह्यांचा पेपर तसाच तोंडासमोर. कमल दारात येऊन उभी हाय. साडी बदलून घेते.