गोळी जेवणात

३ मार्च
हिमोग्लोबिन ९.८! बारा झाल्याशिवाय होडीत पाऊल टाकायचं नाही, असं प्रशिक्षक बाईंनी सगळ्यांसमोर सुनावलं. शर्यत १६ मेला. त्रेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा वल्हं हातात आलंय — सोडते की काय!

४ मार्च
डॉक्टरांकडे घड्याळजी गेला. (लग्नाला तीन महिने झाले, पण नवऱ्याला दुसऱ्या नावानं हाक मारवत नाही. घड्याळं दुरुस्त करतो, म्हणून घड्याळजी.) निरोप घेऊन आला: लोहाची गोळी, रोज, जेवणात. त्यानं ती लगेच कुटली आणि उकळत्या पालकात टाकली. डॉक्टरांनीच सांगितलंय म्हटल्यावर मी कोण बोलणार?

९ मार्च
पालक काळपट. चव दाराच्या कडीसारखी. दोघांनी मिळून संपवला. हसून हसून ठसका.

२० मार्च
दारातली कुंडी नुसती तरारली आहे. शेजारीण खत कुठलं ते विचारून गेली.

४ एप्रिल
९.९. महिन्याभरात एक दशांश!
गोळी नेमकी कशी घेता, असं डॉक्टरांनी विचारलं. घड्याळजीनं ऐटीत कृती सांगितली — पालक भरपूर पाण्यात, घड्याळ लावून वीस मिनिटं, गोळीची पूड त्यातच, मग पाणी निथळून कुंडीला.
डॉक्टर बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत बसले. "अहो, जेवणात म्हणजे जेवताना. बाईंनी गिळायची. तुम्ही झाडाला घातलीत."
मग समजावलं. लोह आचेनं नाहीसं होत नाही, पण पाण्यात उतरतं आणि पाण्याबरोबर जातं. लोह अंगी लागायला लागणारं क जीवनसत्त्व तर आचेनंही जातं, पाण्यातूनही. पालक झाकण ठेवून थोडक्या पाण्यात शिजवा, ते पाणी पोटात जाऊ द्या, लिंबू भाजी खाली उतरवल्यावर पिळा. जेवणावर लगेच चहा नको.
घरी येताना रस्त्यात तीनदा थांबलो. हसता हसता चालवेना.

१२ एप्रिल
गोळी अख्खी, घोटभर पाण्यानं. तो समोर बसून गिळलेली बघतो, मगच जेवायला लागतो. कुंडी रुसली आहे.

९ मे
१२.१! दवाखान्यात उडीच मारली, नर्सबाईंचा ट्रे वाजला. मला एकटीला सुई नको म्हणून त्यानंही रक्त दिलं होतं. त्याचा नमुना पुन्हा तपासतायत, उद्या या म्हणाले. येताना गल्लीभर मी हवेतच वल्हं मारत आले. तो मागून, "डावीकडे, डावीकडे," करत.

१० मे
त्याचं ७.४.
मोठ्या तपासण्या १६ तारखेला. "तू होडीत जा," म्हणाला. वल्हं परत करून आले.