सपाट स्पीड ब्रेकर

४ जुलै, सकाळ
आजपासून मोहीम. बायकोच्या शाळेसमोर लोक गाडी चालवतात की सूड उगवतात, कळत नाही. काल दुसरीतल्या मुलीला मोटरसायकलवाल्याने उडवलं. हात मोडला. बायको जेवली नाही. म्हणाली, शाळा सुटल्यावर पोरांना पलीकडे नेताना माझा जीव मुठीत असतो, तुम्ही काहीतरी करा. करतो. रिटायर होईपर्यंत ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढले, चार गाढवं वठणीवर आणणं काय अवघड आहे?

६ जुलै
शाळेच्या फाटकाशी उभा राहून प्रबोधन. हेल्मेट कोपरात अडकवलेल्या एका शहाण्याला विचारलं, डोकं कोपरात आहे का? म्हणाला, काका, बाजूला व्हा, नाहीतर उडाल. पालथ्या घड्यावर पाणी!

९ जुलै
स्पीड ब्रेकर मागायला नगरपालिकेत. इंजिनिअर म्हणाला, डांबर नाही. कधी येईल? म्हणाला, आलं की दिसेलच. उपोषणाला बसणार होतो, पण ॲसिडिटी.

१२ जुलै
सुचलं! डांबर नाही, रंग तर आहे. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांना अशी सावली द्यायची की सपाट रस्ता दुरून उंचवटाच वाटावा. आकृती काढून साइनबोर्डवाल्या पेंटरला दिली. तंबी दिली, तोंडातून अवाक्षर नको. बायको म्हणाली, लोकांना कळलं तर? म्हटलं, कळायला डोकं लागतं.

१६ जुलै
थांबतात! रिकामे ट्रकसुद्धा आत पोटुशी बाई बसवल्यासारखे जपून जातात. कशावरून? रंगावरून! एक रिक्षावाला स्टँडवर सांगत होता, याला म्हणतात इंजिनिअरिंग, धक्का कमरेला कळतसुद्धा नाही. हसून हसून पोट दुखलं. एकाही मेंढराला शंका नाही. पोरं रांगेत, आरामात पलीकडे. बायको पोळ्या लाटताना गुणगुणत होती. खूप बरं वाटलं.

२० जुलै
माझी स्कूटर मात्र सुसाट. मी काय म्हणून ब्रेक लावू? बायको म्हणाली, निदान लोकांसमोर तरी हळू जा. म्हटलं, पेशंटचं औषध डॉक्टर पितो का? ती वह्या तपासायला बसली. पटलं असणार.

२४ जुलै
उद्या शाळेत माझं भाषण. विषय : रस्ता आणि शिस्त. हेडबाईंनी पंधरा मिनिटं दिलीत. एवढ्यात तर प्रस्तावनाही होत नाही.

२५ जुलै, दुपार
घरी भाषण वाढवता वाढवता निघायला उशीर झाला, शाळा सुटायची वेळ आली. पट्ट्यांपाशी पुढची रिक्षा हळू झाली. बावळट! स्कूटर बाजूने काढली. समोर बायको, मागे पोरांची रांग. तिने पोरांना मागे ढकललं. मी ब्रेक दाबला, पण चाक तिच्या पायावरून गेलं. दोन बोटं मोडली. पोरांना ओरखडासुद्धा नाही.

हवालदार आला. म्हणाला, इथे सगळे हळू होतात, तुम्हीच कसे नाही झालात? उत्तर तयार होतं, एका वाक्याचं. तोंड उघडलंही. भोवती रिक्षावाले, ट्रकवाले, कान टवकारून. बायको पाय धरून पायरीवर बसली होती. रडत नव्हती. माझ्याकडे बघत नुसती मान हलवत होती, नको, नको.

म्हटलं, ब्रेकर दिसलाच नाही.

रिक्षावाला म्हणाला, आजोबा, एवढा मोठा दिसत नाही? गाडी विकून टाका! सगळे खो खो हसले. एवढे मूर्ख एका जागी कधी पाहिले नव्हते, आणि त्या सगळ्यांनी मिळून मला आंधळा ठरवलं. हवालदाराने लायसन्स काढून घेतलं.

संध्याकाळ
बायकोला त्याच रिक्षावाल्याने दवाखान्यात नेलं. पैसे घेतले नाहीत. लेकाचा!

मी स्कूटर ढकलत निघालो. पट्ट्यांपाशी आलो तर सगळे बघत होते. थांबलो. हँडल जोर लावून वर ओढलं, पुढचं चाक चढवल्यासारखं केलं, मग उतरवल्यासारखं. मग मागचं. कंबर धरली आहे.