पापड आणि देव्हाऱ्यासमोरची लादी

४ जानेवारी, रविवार
पुन्हा ओली! तीच लादी, देव्हाऱ्यासमोरची! मैत्रिणीने, क्षमाने दिंडोशीहून आणून दिलेलं कुत्र्याचं पिल्लू — पापड — घरी येऊन आठ दिवस झाले, आणि आज निलेशने फर्मान काढलं. "दोन आठवडे, रेवती. तोवर खाली जाऊन करायला शिकला तर ठीक, नाहीतर क्षमाकडे परत." आई, म्हणजे सासूबाई, फडकं आणायला उठल्या. त्यांचीच मला जास्त धास्ती वाटते.
परत दिला तर मी रडणार. सरळ लिहून ठेवते.

७ जानेवारी
खरा मास्तर मी नाहीच, बंड्या आहे. आमचा तेरा वर्षांचा म्हातारा कुत्रा, गुडघे दुखतात, पण "बस" म्हटलं की सावकाश, जहागीरदारासारखा बसतो. पापड त्याच्याकडे बघतो आणि धपकन बसतो — बहुतेक वेळा बंड्याच्या शेपटीवर. झकास! पंजा द्यायलाही शिकला. आणि बंड्याने आज आपली अर्धी गोधडी त्याला दिली. अर्धी! मला तर नाचावंसं वाटलं.

१० जानेवारी
लादी. पुन्हा.

१३ जानेवारी
दिवसातून चार वेळा खाली नेतोय. पापड गेटजवळच्या बदामाखाली उभा राहतो, रिक्षा बघतो, वर येतो आणि थेट लादीवर! आईंना विचारलं, दुपारी याने शू केली का? "माका काय म्हायत," म्हणाल्या. सकाळी मात्र ऐकलं होतं मी — "माझ्या देवासमोर मुतता मेलो!" त्यांनाच तो नकोय, दुसरं काय.

१६ जानेवारी
वाट लागली. आज बंड्याने तिथेच पाय वर केला! तेरा वर्षांत पहिल्यांदा. किडनी गेली की काय! घाबरून डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "लादी कशाने पुसता?"
"फिनेलने."
मागून आईंचा आवाज, अगदी बारीक — "आणि गोमूत्र."
डॉक्टर मिनिटभर हसत होते. देवासमोरची जागा, शुद्ध नको का करायला! प्रत्येक वेळी पुसून वर गोमूत्र शिंपडायच्या. त्या वासाने कुत्र्यांना वाटलं, हीच मुतारी.
"अहो आई, मला सांगायचंत ना!"
"काय सांगू गो? निलेश येवच्या आधी पुसून टाकलंय, तेका कळाक नको म्हणान. नायतर ह्या पोराक धाडून देतलो मगे!"
आणि मी त्यांच्याबद्दल वर काय काय लिहून ठेवलंय! लाज वाटली. त्यांना घट्ट मिठी मारली.

१७ जानेवारी
लादी तीनदा घासली. दिवसभर कोरडी! पण बदामाखाली पापड नुसताच उभा. वर आल्यावर बाथरूममध्ये केली. उद्या शेवटचा दिवस. जेवण गेलं नाही.

१८ जानेवारी, रविवार
सकाळी सातला मी आणि निलेश दोघांना घेऊन खाली. बंड्याने बदामाचं ओलं खोड हुंगलं, पाय वर केला. पापडनेही हुंगलं, शेजारी बसला आणि — केली!! निलेशने टाळ्याच वाजवल्या. "राहू दे गं याला."
मी वर पाहिलं. गॅलरीत आई उभ्या होत्या, हातात गोमूत्राची रिकामी बाटली.