डंपमधलं अठ्ठावन्नावं पान

सर, माळ्यावरचं सामान काढताना तो गठ्ठा सापडला. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, दोन्ही कडांना भोकं असलेला सलग कागद, सत्तर पानं, अजून एकमेकांना धरून बसलेली. सुतळी मीच बांधलेली असणार, कारण गाठ आईने शिकवलेली आहे, एक टोक ओढलं की सुटणारी. तुम्ही असतात तर पहिलं हेच विचारलं असतं, "अगं, हे अजून ठेवलंयस? कशाला?" त्या कशालाचं उत्तर द्यायला बसलेय. तुम्हाला जाऊन पंचवीसहून जास्त वर्षं झाली, तेव्हा घाई काही नाही.

नव्वदीची सुरुवात. वागळे इस्टेटमधला तो तिसऱ्या मजल्यावरचा गाळा, खाली लोखंड कापायचा कारखाना, वर आपण सहा माणसं आणि तीन कॉम्प्युटर. मी ठाण्याच्या कोळीवाड्यातली, बी.एस्सी. आणि वर एक वर्षाचा कोर्स, ऑफिसातली एकुलती एक मुलगी, सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर. तुम्ही ठाकुर्लीहून यायचात, खिशात दोन शिसपेन्सिली. दुसऱ्याच दिवशी माझा प्रोग्रॅम चालता चालता अडकला आणि मी सरळ रीसेटचं बटण दाबलं, कोर्समध्ये तेच शिकवलेलं. तुम्ही मागून ओरडलात, "अगं, थांब, थांब! मयत उचलायच्या आधी पंचनामा करायचा असतो!" सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. माझे कान तापले. मनात म्हटलं, आलाय मोठा फौजदार.

पण दुपारी तुम्ही स्वतःहून खुर्ची ओढून शेजारी बसलात. मुद्दाम प्रोग्रॅम पाडलात, आणि डीबगर नावाच्या दुसऱ्या प्रोग्रॅमने त्याचं पोट उघडून दाखवलंत. मशीन आडवं पडलं त्या क्षणी त्याच्या मेमरीत जे जे होतं ते जसंच्या तसं उतरवून घ्यायचं, त्याला डंप म्हणतात. डाव्या हाताला जागेचा नंबर, मधे आकड्यांच्या सोळा जोड्या, आणि उजव्या हाताला त्याच जोड्या अक्षरं म्हणून वाचल्या तर काय दिसतं ते. बहुतेक टिंबंच. मधेच एखादा शब्द, एखादं अर्धं नाव. मला तर खूळ लागलं. मेलेलं मशीन इतकं बोलतं? तुम्ही म्हणालात, "बोलतं, पण विचारायची पद्धत आहे. शेवटी कोण काम करत होतं? त्याला कोणी बोलावलं? आणि त्या बोलावणाऱ्याला कोणी? असं मागे मागे जायचं. आणि वाचायच्या आधी ती जागा कोणाची आहे ते ठरवायचं. मेमरीत दुसऱ्यांचंही पडलेलं असतं. ते दिसलं तर पुढे जायचं. शेजाऱ्याच्या खोलीत डोकावायचं नाही."

घरी येऊन आईला सांगितलं. ती बाजारातून आलेली, पाटी धूत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे मेल्याव त्याचा प्वॉट फारून बगाचा, काय खाल्लान ते!" दुसऱ्या दिवशी हे तुम्हाला सांगितल्यावर तुम्ही इतके हसलात की चष्मा काढून पुसावा लागला. नंतर नवीन कोणी आलं की तुम्ही हेच सांगायचात, आणि वर म्हणायचात, "ही व्याख्या माझी नाही, हिच्या आईची." मला तेव्हा ते फार आवडायचं. आता आठवलं तरी आवडतं.

आता गठ्ठ्याकडे येते. औषधांच्या एका कारखान्याच्या स्टोअरसाठी आपण प्रोग्रॅम केलेला, कोणता माल कुठल्या रॅकवर आहे ते सांगणारा. तो दिवसाआड पडायला लागला. त्यांचा माणूस फोनवर वैतागलेला, मालक आपल्यावर वैतागलेले, आणि त्याच आठवड्यात माझं प्रोबेशन संपत होतं. मला कायम करायचं की नाही, हे तुम्ही लिहून द्यायचं होतं. त्यांच्याकडचा डेटा आणून तुमच्या मशीनवर प्रोग्रॅम चालवला, कारण मेमरी जास्त असलेलं तेवढं एकच मशीन होतं, आणि दुपारी जेवणानंतर तो एकदाचा पडला. तुम्ही खाली गेलेलात. मी डंप घेतला आणि उत्साहाच्या भरात सगळाच्या सगळा प्रिंटरला सोडला. तुम्ही वर आलात तेव्हा प्रिंटर करवतीसारखा ओरडत होता आणि कागद जमिनीवर लोळत होता. "सगळं गाव छापलंस? चोराच्या एका घराची झडती घ्यायची होती, पोरी!" आणि तरीही ओळीखाली धरायला ऑफिसातली पट्टी घेतलीत, पहिली दहा पानं माझ्यासमोर ठेवलीत, म्हणालात, शोध. तासाभरात मला सापडलं. काम संपलं की परत कुठे जायचं, हे जिथे लिहिलेलं असतं तिथे नंबरच नव्हता. तिथे औषधाच्या नावाचं शेपूट होतं. स्टोअरवाल्याने नावापुढे आणखी काही लिहिलं, मी ठेवलेल्या जागेत ते मावलं नाही, आणि सांडून परतीच्या वाटेवर पडलं. जागा कमी ठेवणारी मीच. तुम्ही एवढंच म्हणालात, "तुझंच आहे. नीट कर." आणि गेलात.

बाकीचा गठ्ठा गुंडाळायला घेतला आणि बाराव्या पानावर उजव्या हाताला मराठी दिसली. इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी, तुम्ही टाइप करायचात तशी. ओळ सोळा अक्षरांचीच असते, म्हणून शब्द मधेच तुटून खाली उतरलेला. "पोरगी हुशार आहे पण". त्यापुढे टिंबं. नुसती टिंबं, पानाच्या शेवटापर्यंत. जेवणाच्या सुट्टीत तुम्ही त्या मशीनवर काहीतरी लिहीत बसलेलात, ते मी बघितलेलं. तुमचं लिहून झाल्यावर माझा प्रोग्रॅम येऊन त्याच जागेत बसला, त्याने बरंचसं पुसलं आणि एवढी एक ओळ राहिली. सर, मला दुसरा अर्थ सुचायलाच जागा नव्हती. ऑफिसात पोरगी मी एकटी. तुम्ही मला पोरी म्हणणार. माझा रिपोर्ट तुम्ही लिहिणार. पण काय? पण काय हो, सर?

विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर शेजाऱ्याच्या खोलीत डोकावले हे कबूल करावं लागलं असतं. मग मीच एकेक भरून बघायला लागले. पोरगी हुशार आहे पण उतावीळ आहे. पण उर्मट आहे. पण चूक तिचीच निघाली. आणि एक ठाण्याच्या तलावपाळीवरून घरी जाताना सुचलं, ते डोक्यातून हलेचना. पण कोळ्यांची आहे. आता लिहायला लाज वाटते, पण तेव्हा मी पुरावेसुद्धा गोळा केलेले. महिनाभर तुम्ही दुपारी आमच्यात जेवायला बसत नव्हतात. चार घास उभ्याउभ्या खाऊन मशीनपाशी जायचात. माझ्या डब्यात सुकट असायची. दोन अधिक दोन चार, झालं! मी त्या आठवड्यात भेंडीची भाजी नेली. आई म्हणाली, "काय गो, बरी हायस ना?" मी तिच्यावरच खेकसले.

शुक्रवारी तुम्ही मला बोलावलंत. हातात कायम केल्याचा कागद दिलात आणि बरोबर एक लाकडी फूटपट्टी. तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत बारीक बारीक मासे रंगवलेले, निळे, चंदेरी, एकाचं तोंड दुसऱ्याच्या शेपटीला. "माझ्या मुलीने रंगवलीये. आकडे सगळे झाकून टाकलेत बाईंनी, मोजायच्या कामाची राहिली नाही. पण डंप वाचताना ओळ धरायला चालेल." मी थँक यू म्हटलं आणि जागेवर येऊन पहिला विचार काय केला असेन? मासेच का? मला मासेच का दिले? इतकी मी वाकडी झालेले. ती पट्टी आजही माझ्या टेबलावर आहे, आणि त्या माशांचा रंग इतका सुरेख आहे की बघणारा विचारतोच.

तुमच्याबरोबर आणखी पाच वर्षं काम केलं. किती डंप वाचले आपण! एकदा तर आठवडाभर एकाच पानावर बसलेलो आणि शेवटी दोष निघाला मशीनच्या मेमरीच्या पट्टीत, प्रोग्रॅममध्ये नव्हताच, तेव्हा तुम्ही सगळ्यांना समोसे खिलवलेत. माझा संशय हळूहळू विरला, रोज समोर बसणाऱ्या माणसावर तो धरून ठेवणं कठीण असतं. पण तो "पण" नाही विरला. तो मी बरोबर घेऊन फिरले. कुठे काही चुकलं की वाटायचं, हेच ते, हेच सरांनी लिहिलेलं. म्हणून उतावीळपणा कमी केला. बोलण्यातला कडूपणा कमी केला, म्हणजे केला असं मला वाटतं, घरचे हसतात. दुसऱ्यांना शिकवायला लागले तेव्हा त्यांच्या रिपोर्टमध्ये कधी "पण" लिहिला नाही. लिहायचंच असेल तर वाक्य तिथे संपवून नवं सुरू करायचे.

मग तुम्ही गेलात. सकाळी छातीत दुखलं आणि दुपारपर्यंत खेळ आटोपला. मी पाचव्या दिवशी ठाकुर्लीला आलेले. तुमची मुलगी दारातच भेटली. तोवर ती कल्याणच्या एका शाळेत चित्रकला शिकवायला लागलेली. तुमच्या फोटोशेजारी बसून ती म्हणाली, "बाबा तुमच्याबद्दल फार बोलायचे. मी कॉम्प्युटर केलं नाही ना. त्यांना ते लागलं असणार. बोलले नाहीत कधी, पण लागलं असणार." मी तिचा हात धरला आणि काहीतरी गुळमुळीत बोलले. मला तरी काय माहीत होतं? दर दिवाळीला तिचं हाताने रंगवलेलं भेटकार्ड येतं. आता तिचेही केस पांढरे झालेत. मागच्या वर्षी सहज फोन केलेला, तेव्हाही बोलता बोलता तिने तेच काढलं, "बाबांचं एक स्वप्न मी मोडलं बघा."

तर तीन आठवड्यांपूर्वी गठ्ठा सोडला. जमिनीवर बसले, चष्मा लावला, माशांची पट्टी घेतली. म्हटलं, आता निवृत्त झालेय, वेळ आहे, हा डंप एकदा तुम्ही सांगितला तसा वाचू. बारावं पान सोडून दिलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली, ही जागा कोणाची, ही कोणाची, पेन्सिलीने समासात खुणा करत. तीस वर्षांपूर्वी मी बाराव्या पानाच्या पुढे गेलेच नव्हते, सर. जे हवं ते मिळालं म्हणून थांबले. दोन दिवस लागले. अठ्ठावन्नाव्या पानावर, छापायला दिलेल्या मजकुराची मशीन जिथे आणखी एक नक्कल ठेवतं, त्या जागेत तुमचं पूर्ण पत्र होतं. खडवलीच्या तुमच्या ताईंना. पेन्सिल थांबली. नियम आठवला. आणि मी वाचलं.

"ताई, तू तिला समजाव म्हणतेस. पोरगी हुशार आहे पण कॉम्प्युटर नको म्हणते. तिला चित्रं काढायची आहेत. काढू दे. काल माझी फूटपट्टी रंगवलीन, मासे काढलेत, बघत राहावं असे. मला येत नाही ते तिला येतं, याचा मला आनंदच आहे. महिना झाला, रोज दुपारी तुला हे पत्र लिहायला बसतो आणि पुसतो. आज पाठवतोच."

बस्स, एवढंच. मी त्यात कुठेच नव्हते. सगळा महिना तुम्ही माझ्या सुकटीपासून लांब गेला नव्हतात, ताईंना पटेल असं वाक्य शोधत होतात. मी जमिनीवर बसून मोठ्याने हसले. मग रडले, कारण कोळ्यांची आहे हे तुमच्या तोंडी मी घातलेलं, तुम्ही नाही. त्याची माफी मागायला आता कुठे येऊ? आणि ज्या जागेवरून मी स्वतःला इतकी वर्षं दुरुस्त करत आले ती जागा कोणाची आहे, हे एवढंसं मी तपासलं नव्हतं. पहिल्या दिवशीचा धडा, सर. त्यातच नापास.

हे पत्र तुम्हाला पाठवायचा प्रश्नच नाही. पण अठ्ठावन्नावं पान तुमच्या मुलीचं आहे, हे मला कळतं. तिला मिळालं पाहिजे, तेही लवकर, इतकी वर्षं ती चुकीचं ओझं वाहतेय. पान सांभाळून फाडून घेतलंय, जिथे जिथे शब्द तुटलेत तिथे पेन्सिलीने जोडलेत. पाकिटावर तिचं नाव, पत्ता, तिकीट, सगळं झालंय. पाकीट टेबलावर पट्टीखाली आहे. रोज खाली जाताना ते घ्यायला विसरते म्हणते, पण विसरत नाही. तीस वर्षं ती ओळ माझी होती हो, सर. तुम्ही माझ्याबद्दल लिहिलेली म्हणून एवढी एकच ओळ माझ्याकडे होती. द्यायला जीवावर येतंय.