प्रतिज्ञापत्रातलं शून्य

मुक्काम भरे, तालुका मुळशी
मंगळवार, पहिला चहा झाल्यावर

प्रिय मेव्हणे निरंजनराव यांसी,

भऱ्याच्या दाजींचा रामराम, आणि वयानं थोरला म्हणून वर थोडा आशीर्वादही. सासूबाईंचा गुडघा कसा आहे? त्या तेल लावतात की बाटली नुसती उशाशी ठेवतात, एवढं जरा बघा. मुलं बरी असतील, थोरलीच्या लग्नाची धावपळ चालू असेल आणि त्या धावपळीत दुकानातल्या माशांची उपासमार होत नसेल, अशी आशा करतो. इकडे सर्व क्षेम आहे. शुभांगीचं वजन आणि आवाज दोन्ही पूर्वीसारखेच आहेत (हे पत्र ती वाचून मगच माझ्या हातात देणार आहे, तेव्हा वजनाचं वाक्य गाळलं असं समजावं). फोन सोडून हे पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण मेव्हणे, दिवस निवडणुकीचे आहेत. आमच्या ग्रुपवर कोण कशाचा स्क्रीनशॉट काढून कुठं फिरवील, नेम राहिलेला नाही. कागदाचा स्क्रीनशॉट अजून निघत नाही.

तर बातमी अशी, की मी उभा आहे! मुळशी तालुका शोभिवंत मत्स्य मंडळाच्या अध्यक्षपदासाठी, येत्या रविवारी, पौडला. मंडळात सत्तावीस सभासद. निम्मे भूगावच्या उंच इमारतींतले, ज्यांच्या टाक्यांत माशांपेक्षा झाडं जास्त, आणि निम्मे आमच्यासारखे गावचे, ज्यांच्या टाक्यांत मासे आहेत आणि झाडं अंगणात आहेत. (मंडळाची पाटी लागल्यापासून दोनदा लोक आत येऊन सुरमई आली का विचारून गेले, ते सोडा.) चौदा मतं मिळाली की काम झालं. माझी तेरा पक्की आहेत आणि चौदाव्याला मी रोज नमस्कार घालतोय. झोप उडालीय, भूक वाढलीय, आणि आरशासमोर ‘बंधू-भगिनींनो’ म्हणताना उजवा हात आपोआप वर जातोय. शुभांगी म्हणते, पंखा बंद करून बोला.

मला हे पद कशाला हवं, हे तुमच्यापासून काय लपवायचं? आमच्या घराण्यात पद नसलेला मी एकटाच. बंधू दादासाहेब माजी सरपंच. चुलते डेअरीचे चेअरमन. चुलतभाऊ तंटामुक्ती समितीवर, आणि त्याचं स्वतःचं दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांशी बांधावरून भांडण. घरात कुणाचंही लग्न निघालं की पत्रिकेत नावांची रांग लागते आणि प्रत्येक नावाखाली कंसात काहीतरी असतं. माझ्या नावाखाली नुसता कागद. गेल्या वर्षी पुतण्याच्या पत्रिकेत जागा रिकामी दिसू नये म्हणून छापखानेवाल्यानं माझ्या नावाखाली फूल काढलं. बावन्न वर्षांचा माणूस, आणि नावाखाली जास्वंद!

समोर उमेदवार आहेत भूगावच्या जुईली मॅडम. कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, अकराव्या मजल्यावर पाच टाक्या, आणि पाण्याची तपासणी आपण भाताचं शीत दाबून बघतो तितक्या सहज करतात. बाई चांगल्या आहेत, पण उमेदवार चांगल्या असल्या की त्रासच होतो. निवडणूक अधिकारी हाफीज सर. पौडचे निवृत्त विज्ञान शिक्षक, चष्म्यावरून बघितलं की आजही माझ्या बोटांना छडी आठवते. त्यांनी यंदा नवीनच काढलं. आमदार-खासदारांना जसं गुन्ह्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, तसं इथं उमेदवारानं लिहून द्यायचं, की आजवर आपल्या देखरेखीखाली किती मासे दगावले आणि कशानं. जुईली मॅडमनी लॅपटॉप उघडून तारीखवार यादीच जोडली. एकूण एकसष्ट. मग माझी पाळी. मी पेन टेकवून विचार करतोय, तेवढ्यात शेजारून शुभांगी म्हणाली, “इच्यार कसला करताय? मेलाय का तुमच्या हातनं एक तरी? लिवा की शून्य.” मी शून्य लिहिलं. हाफीज सरांनी ते मोठ्यानं वाचलं आणि मागून टाळ्यांचा जो कडकडाट झाला, तसा आमच्या लग्नात अक्षता पडल्यावरही झाला नव्हता.

आणि खोटं काय आहे त्यात? सहा वर्षांपूर्वी माझ्या छातीचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी रोज अर्धा तास मासे बघत बसा म्हणून सांगितलं, आणि तुम्ही दुकानातून रावसाहेबांना घेऊन आलात. पांढरंशुभ्र अंग, डोक्यावर लाल फेटा, शेपटीवर काळा ठिपका. गोल्डफिश म्हणून जन्माला आला, नाहीतर कुठल्यातरी साखर कारखान्यावर संचालक असता. सहा वर्षं झाली, गडी आहे तसा आहे. तुमचा पायगुणही मानला पाहिजे. मागच्या आषाढात रावसाहेब दोन दिवस कोपऱ्यात सुस्त पडले होते. तुम्ही डबा घेऊन बहिणीला भेटायला आलात, आणि संध्याकाळी बघतो तर टाकीत नुसता घोडा धावतोय! त्याआधीच्या उन्हाळ्यात ते अचानक निम्मे झाले होते. त्यावर मी खूप चिंतन करून असा सिद्धांत मांडला, की गोल्डफिश ऋतुमानाप्रमाणे आकसतो आणि फुगतो, जसे आपल्याकडचे लाकडी दरवाजे पावसाळ्यात फुगून बसतात. मंडळाच्या सभेत मी त्यावर वीस मिनिटं बोललो. शुभांगी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. हाफीज सर काही बोलले नाहीत, पण विद्वान माणसं एकदम कबूल करत नाहीतच.

या शून्यावरच सगळा प्रचार उभा आहे. पिरंगुटात फ्लेक्स लागलाय, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला रावसाहेब, मध्ये मोठं शून्य आणि खाली ‘एकही बळी नाही’. (लांबून बघणाऱ्याला माझे गुण शून्य वाटतात, अशी एक तक्रार आली आहे.) ताम्हिणीच्या तुळजाबाईंनी ढाब्यावर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा सपाटा लावलाय, “सा वरसं मासा जगवलाय ह्या मानसानं. आमच्या हितं कोंबडी सा म्हैनं टिकत न्हाई. मत ह्यालाच.” त्यांच्या ढाब्यामागच्या हौदात अकरा गप्पी मासे आहेत आणि प्रत्येकाला नाव आहे, तेव्हा त्यांच्या शब्दाला वजन आहे. घरी तर दर्शनाला रांग. परवा खुद्द जुईली मॅडम आल्या. रावसाहेबांकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि मग हळूच म्हणाल्या, “काका, फ्लेक्सवर ठिपका शेपटीच्या डावीकडे आहे ना? इथं तर उजवीकडे दिसतोय.” शुभांगीच्या हातातली बशी वाजली. पण बाईमाणूस हजरजबाबी! म्हणाली, “फ्लेक्सवाल्यानं फोटो उलटा छापलाय.” मीही लगेच फ्लेक्सवाल्याला दोन शिव्या घातल्या. मॅडम हसल्या, चहा घेतला आणि गेल्या. घाबरल्या असणार.

असो. रविवारी गुलाल आपलाच. सासूबाईंना नमस्कार, मुलांना गोड पापा, आणि माशांना माझ्या वतीनं एक चिमूट जास्तीचं खाणं.

आपला,
वाल्मीक
(नियोजित अध्यक्ष)

ता. क. : थोरलीच्या पत्रिका अजून छापायला टाकल्या नसतील तर सोमवारपर्यंत थांबा. टाकल्या असतील तर छापखान्यात जाऊन मशीन बंद करा. माझ्या नावाखाली ‘अध्यक्ष, मुळशी तालुका शोभिवंत मत्स्य मंडळ’ एवढं यायलाच हवं. ओळ मोठी होते, पण दादासाहेबांचं ‘माजी’ काढलं तर जागा होईल.

आणखी ता. क. : मेव्हणे, वरचं सगळं शुभांगीनं वाचलंय. इथून पुढचं मी पौडच्या पोस्टात, दोरीला बांधलेल्या पेनानं, उभ्यानं लिहितोय. पत्र मुद्दाम दुकानाच्या पत्त्यावर टाकतोय. वाचून फाडा.

मला माहीत आहे. पहिल्यापासून माहीत आहे. ऑपरेशननंतर चौथ्या महिन्यात एका सकाळी जाग आली तर शुभांगी टाकीपाशी पदर तोंडाला लावून रडत होती आणि रावसाहेब उलटे तरंगत होते. मला धक्का बसू नये म्हणून तिनं तुम्हाला फोन केला. मी पांघरूण ओढून घोरत राहिलो. दुपारी उठलो तर टाकीत नवे रावसाहेब, आणि शेजारी तुम्ही, बाह्या कोपरापर्यंत ओल्या. तेव्हापासून मी सहा रावसाहेब मोजलेत, तुमच्या हिशेबी जास्त असतील. ते आकसण्याचं शास्त्र मी तिच्यासाठीच रचलं. तुम्ही फारच बारका मासा आणला होतात आणि ती बिचारी तीन दिवस माझ्या तोंडाकडे बघत होती. शून्याचंही तेच. ती शेजारी उभी असताना मी सहा कसं लिहू? सहा वर्षं तिनं माझं काळीज सांभाळलं, आणि मी भर सभेत सांगू, की बाई, मला सगळं दिसत होतं?

पण परवा ती बशी वाजली, तेव्हा तिचा चेहरा मला बघवला नाही. आत्ता पत्र टाकण्याआधी हाफीज सरांकडे जाऊन अर्ज मागे घेऊन आलो. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, “वाल्मीक, गोल्डफिश उन्हाळ्यात आकसत नाही. त्या दिवशीच उठून सांगणार होतो. पण वहिनी टाळ्या वाजवत होत्या.” मग त्यांनीच सुचवलं, की उपाध्यक्षपदाला प्रतिज्ञापत्र लागत नाही आणि तिथं कुणी उभंही नाही. शुभांगीला सांगेन, की घरात आधीच इतकी पदं, बाईमाणसाला मान दिला. तेव्हा पत्रिका थांबवू नका. ‘उपाध्यक्ष’ छापा. त्यातलं ‘उप’ जरा बारीक अक्षरात घेतलं तर बघा.

आता खरं काम. सध्याचे रावसाहेब कालपासून एका कुशीवर आहेत. शुभांगीच्या अजून लक्षात आलेलं नाही, मी टाकीवर टॉवेल टाकून ‘विश्रांती’ म्हणून सांगितलंय. गुरुवारी सकाळी मी पत्रिका बघायच्या निमित्तानं दुकानात येतोय. एक निवडून ठेवा, लाल फेटा, ठिपका उजवीकडे, आकार बरोबर तितकाच. सहा वेळा ती टाकीपाशी एकटी रडली आहे. या वेळी तिला कळता कामा नये.