आठ शेळ्या आणि यांचा वजनकाटा

५ ऑगस्ट

प्रिय वन्संना,

स. न. वि. वि. मी बरी आहे, शेळ्या बऱ्या आहेत. तुम्हीही बऱ्या असाल असं धरून चालते, कारण तुमच्या पत्राची वाट बघायची तर पायरीवर गवत उगवायचं.

मी एक बेत केला आहे आणि तो वाचून तुम्ही हसणार आहात. आधी हसून घ्या, मग पुढचं वाचा.

हे गेल्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून आमच्या आठ शेळ्यांचं वेळापत्रक पार विस्कटलं आहे. एक जूनमध्ये माजावर येते, दुसरी नोव्हेंबरात, तिसरीला तर आठवणच राहत नाही. त्यामुळे वर्षभर कुणी ना कुणी व्यायला टेकलेली असते आणि मी वर्षभर गोठ्याच्या दाराशी. गेल्या महिन्यात तुमचा भाचा आला होता, तेव्हा मी जेवता जेवता ताटावरच पेंगले. त्याने तिथल्या तिथे सांगून टाकलं की आता शेळ्या विकायच्या आणि आईने माझ्याकडे तिसऱ्या मजल्यावर राहायला यायचं. त्याच्या खिडकीतून दुसऱ्यांच्या खिडक्या दिसतात, वन्सं. दुसरं काही दिसत नाही. मी फेब्रुवारीपर्यंतची मुदत मागून घेतली. एक हंगाम नीट पार पाडून दाखवला तर मी इथेच राहीन, नाही तर निमूट सामान बांधीन.

म्हणून गुरांच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. वयाने माझ्या लेकीसारखी आहे, पण गोठ्यात शिरली की शेळ्या गप्प उभ्या राहतात. ती म्हणाली की आठही जणींना एकाच वेळी माजावर आणता येतं. औषधात भिजवलेला एक छोटा स्पंज शेळीच्या अंगात ठेवायचा. त्यातल्या हार्मोनमुळे तिच्या शरीराला वाटतं की आपण गाभणच आहोत. अकरा दिवसांनी तो काढायचा, दुसऱ्या हार्मोनचं एक इंजेक्शन द्यायचं, की दोन दिवसांत सगळ्या तयार. मग जानेवारीच्या एकाच आठवड्यात सगळ्या विणार. मला जागायचं ते त्या एका आठवड्यात.

औषधाचं माहितीपत्रक मी तीनदा वाचलं. जे शब्द कळले नाहीत ते कॅलेंडरच्या मागे उतरवून तिला विचारले. डोस वजनावर ठरतो. पस्तीस किलोच्या वर पूर्ण, खाली कमी. त्याची काळजी नाही. यांचा टांगायचा काटा आहेच, आणि रविवारी वजनं करून वहीत लिहायची सवय मी अजून मोडलेली नाही.

तुम्ही डिसेंबरअखेर प्रसूतिगृहातून निवृत्त होताय. जानेवारीत या. जन्मभर बायकांची बाळंतपणं केलीत, आता जरा शेपटीवाल्यांची करा.

तुमच्या लोभावर हक्क सांगणारी,
वहिनी


१४ ऑगस्ट

ती. वहिनीस,

सा. न. वि. वि. तू सांगितल्याप्रमाणे आधी हसून घेतलं. वॉर्डातल्या दोन नर्सना वाचून दाखवलं, त्याही हसल्या. एक पेशंट टाके दुखतात म्हणून हसता हसता रडली. आता पुढचं लिहिते.

बेत मला पसंत आहे. चाळीस वर्षांत माझ्याकडे एकही बाई दिलेल्या तारखेला बाळंत झाली नाही, आणि तुझ्या आठजणी रांगेत होणार म्हणतेस. हे बघायला मी येणारच. भाच्याला मात्र आत्ताच काही सांगू नकोस. तो लहानपणापासून आधी काळजी करतो आणि मग विचार.

एक विचारते. डॉक्टरीणबाई स्वतःचा काटा आणत नाहीत का? सहज विचारलं. त्यांच्या काट्यावर एकदा वजन करून घेतलंस तर बिघडत काहीच नाही.

पावसात भिजू नकोस, आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
नणंद


२६ ऑगस्ट

प्रिय वन्संना,

स. न. वि. वि. तुमचा काट्याचा प्रश्न मला जरा लागला. त्या काट्यावर अकरा वर्षांची वजनं केली आहेत. हे रविवारी सकाळी झोळी लावायचे, मी आकडा वाचायचे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या खऱ्या की शेळ्या अंगाने बारीक दिसतात. मी वही पुढे केली. छत्तीस, सदतीस, अडतीस, एकही पस्तिसाच्या खाली नाही. वही पाहून त्यांनी मान डोलावली आणि आठही जणींना पूर्ण डोस भरला.

आता गंमत ऐका. स्पंजाला निळा दोरा असतो आणि त्याचं टोक शेपटीखाली दोन इंच बाहेर लोंबतं. चौथ्या दिवशी पाहते तर तीन दोरे गायब. भोंगा, तीच ती दिवसभर ओरडणारी, मागे उभी राहून दुसऱ्यांचे दोरे चघळत होती. डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्या बादलीवरच बसल्या हसत. शेवटी हातमोजा घालून तिन्ही स्पंज शोधून काढावे लागले. मास्तरीण शेळीने त्या वेळी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी तिची माफी मागितली.

इंजेक्शन झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठही शेपट्या पंख्यासारख्या हलायला लागल्या. आवाज तर असा की कोपऱ्यावरचा सायकलवाला दुकान सोडून बघायला आला. दोन बोकड सांगून ठेवले होते. एक शेजाऱ्यांचा सरदार आणि दुसरा कुठला तरी तरणा. सरदार गाडीतून उतरला तो छाती काढून. दुपारी बघते तर पाण्याच्या टाकीमागे तोंड लपवून बसलेला. मालक ओढतोय आणि हा पाय रोवून उभा. उरलेलं काम त्या तरण्याने बिनबोभाट उरकलं.

दोन वर्षांत मी इतकी हसले नव्हते. हसता हसता मागे वळले, यांना दाखवायला. मागे पाण्याची बादली होती. मग बादलीलाच सांगितलं.

चष्मेवालीकडे माझं जास्त लक्ष आहे. तुम्हाला आठवते ना, डोळ्यांभोवती काळी कडी असलेली? यांच्या हातचं शेवटचं करडू ते.

येण्याची तयारी ठेवा, राग ठेवू नका.

तुमची,
वहिनी


१८ डिसेंबर

प्रिय वन्संना,

स. न. वि. वि. हे पत्र सरळ लिहिते.

आठही गाभण आहेत. पण पोटं अशी वाढली आहेत की भोंगा दारातून तिरकी होऊन आत शिरते. काल डॉक्टरीणबाई सोनोग्राफीचं यंत्र घेऊन आल्या. पडद्यावर डोकी मोजायला लागल्या आणि त्यांचं बोट थांबेचना. बहुतेकींना तीन तीन. चष्मेवालीच्या पोटात चार. त्यांनी यंत्र बाजूला ठेवलं. मग स्वतःचा काटा गाडीतून आणला. एकीचंही वजन माझ्या वहीशी जुळलं नाही. आज इतकं पोट असूनसुद्धा त्यांच्या काट्यावर चष्मेवाली अडतीस भरली. माझ्या वहीत तर ती ऑगस्टमध्येच अडतीस होती. म्हणजे तेव्हा ती तीस-बत्तीसच असणार. सगळ्यांना कमी डोस द्यायला हवा होता. जास्त हार्मोनने जास्त बीजं सुटली, म्हणून ही गर्दी. चौघांचं ओझं चष्मेवालीला झेपेलच असं नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. थोडं थोडं खाणं, गोड औषध, आणि बारकाईने लक्ष.

त्यांनी मला दोष दिला नाही. पण आकडे मी वाचले, वहीत मी लिहिले. अक्षरं मी एकटीने शिकले, पुड्यांच्या कागदांवरून, आणि तोच एक तोरा होता माझा. आता साधा आकडाही मला धड वाचता येत नसेल, तर तुमचा भाचा चुकीचं काय बोलतो? त्याला पत्र लिहून ठेवलं आहे की येऊन शेळ्यांचं बघ. पाकीट अजून टाकलेलं नाही. चष्मेवालीपाशी बसून राहते. ती माझी बाही चघळते.

मला रागवा हवं तर, पण लिहा.

तुमची,
वहिनी


२१ डिसेंबर

ती. वहिनीस,

सा. न. वि. वि. ते पाकीट चुलीत घाल आणि मगच पुढचं वाच.

तुझे डोळे शाबूत आहेत. खोटा आहे तो काटा, आणि तो खोटा केला दादाने. स्क्रू मी धरले होते.

अकरा वर्षांपूर्वी चारा नव्हता, ते वर्ष आठव. करडांची वजनं वाढत नव्हती. दर रविवारी आकडा वाचून तू झोळी सोडायचीस आणि दिवसभर जेवायची नाहीस. मी चार दिवस तुमच्याकडे आले होते. तू नळावर गेल्यावर दादाने काटा खाली काढला, आतली स्प्रिंग काढून एका मोडक्या काट्यातली सैल स्प्रिंग बसवली. रिकामा असला की सुई शून्यावरच, पण ओझं टांगलं की पाच किलोचे सहा दाखवणार. मी म्हटलं, अरे, ही फसवणूक आहे. तो म्हणाला, विकताना घेणाऱ्याचाच काटा असतो, मग फसतंय कोण? आणि हिने दोन घास खाल्ले तर करडांनाही ती नीट बघेल. त्या रविवारी तू जेवलीस, वहिनी. दोनदा वाढून घेतलंस. मग तो काटा बदलायचा धीर त्याला कधीच झाला नाही, आणि मला त्याने शपथ घातली होती.

तुझ्या पहिल्या पत्रात काटा हा शब्द दिसला तेव्हाच मला ती स्प्रिंग आठवली. स्पष्ट लिहायला हवं होतं. पण मेलेल्या भावाची शपथ मोडवेना, म्हणून आडून विचारलं. चूक माझी आहे. चष्मेवालीला काही झालं तर तेही माझ्या माथी.

खरी स्प्रिंग त्याने तुझ्या बटणांच्या डब्यात टाकली होती. आहे का बघ. ती तुला सापडेल म्हणून तो महिनाभर धास्तावला होता.

मी निवृत्तीच्या समारंभालाही थांबत नाही. दोन जानेवारीला येते, बरोबर दुधाच्या चोवीस बाटल्या आणि बाळांच्या मनगटाला बांधायच्या पट्ट्या घेऊन.

रागाचा वाटा वेगळा काढ, मायेला हात लावू नकोस.

तुझी अपराधी,
नणंद


१४ फेब्रुवारी

प्रिय वन्संना,

स. न. वि. वि. तुम्ही गेल्यापासून गोठ्यात शिस्त उरलेली नाही. करडं बाटलीची वेळ झाली की दाराशी येतात आणि मला बघून चक्क निराश होतात. तुमची नर्सची टोपी मी घालून पाहिली. फसली नाहीत.

परवा तुमचा भाचा आला. गेल्या महिन्यातलं मी त्याला कळवलं नव्हतं, तुम्हीही नाही. बिचारा माझं सामान बांधायला रिकामी खोकी घेऊन आला होता. फाटक उघडलं आणि एकोणीस करडं त्याच्या अंगावर धावली, प्रत्येकाच्या पायात तुमची पट्टी, आईचं नाव आणि जन्माची वेळ घातलेली. तो खोकी टाकून भिंतीला चिकटला. मग मी त्याला बसवून सगळं सांगितलं. तीन दिवसांत आठजणी व्यायल्या. एकवीस जन्मली. दोन आपल्या हातात गेली, ती चिंचोळ्या वाफ्याशेजारी पुरली. मास्तरीणने एकच दिलं, तत्त्वाची बाई. चष्मेवालीच्या वेळी तुम्ही मला बाहेर काढलंत आणि डॉक्टरीणबाईंबरोबर पाच तास आत होतात, तेही सांगितलं. शेळीला दोनच सड, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्याने रांग लावायची असते हे तुम्ही करडांना कसं शिकवलंत, ते मात्र मला सांगता आलं नाही. दाखवलं.

चष्मेवाली आता स्वतःच्या पायावर उभी राहते. चारही वाचली. त्यांतलं सगळ्यात लहान तुमच्या भाच्याच्या कोटात शिरून झोपलं आणि तो दोन तास हलला नाही. चहासुद्धा तसाच प्यायला. डोळे मिटून म्हणाला की एवढ्यांचं तू एकटी कसं करणार? मी म्हटलं की यातली बरीचशी दोन महिन्यांत चांगल्या घरी जातील, पुढच्या वेळी डोस नीट असेल आणि तुझी आत्या दर जानेवारीला यायचं कबूल करून गेली आहे.  त्याने विचारलं, पुढची तारीख आत्ताच काढता येते का, म्हणजे त्याला रजा टाकायला बरं. ती रिकामी खोकी करडांना झोपायला दिली आहेत.

आता काट्याचं सांगते. स्प्रिंग बटणांच्या डब्यातच होती. अकरा वर्षं तिला बाजूला सारून मी बटणं शोधत आले, घड्याळाचा काही भाग असेल असं समजून. तुमचं पत्र वाचलं त्या दिवशी ती हातात घेऊन मी ओरडून भांडले यांच्याशी. दोन वर्षांत पहिल्यांदा. भांडून बरं वाटलं. सवयीने गप्पही झाले, त्यांना उत्तर द्यायला सवड म्हणून.

डॉक्टरीणबाईंनी त्यांचा जुना काटा मला दिला आहे. तो औषधाच्या खोलीत टांगला. डोस त्याच्यावरच ठरेल, तसं वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं आहे.

रविवारी सकाळी तुमच्या भाच्याला यांचा काटा आढ्याला लावायला सांगितला. झोळीत ते सगळ्यात लहान ठेवलं. आकडा त्याने वाचला आणि मला म्हणाला की आई, सहा किलो. खरे पाच असणार. मी वहीत सहा लिहिले. आणि वन्संबाई, मी दोनदा वाढून घेतलं.

खरी स्प्रिंग परत बटणांच्या डब्यात टाकली आहे.

पुढच्या जानेवारीची वाट बघत, भांडायला आणि मायेला तुमचीच,
वहिनी